बाजारातला माणूस पेन्सिलीने: गोव्यात फिगर स्टडी सुरू करणाऱ्यांसाठी

शाळेत ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, फोटोवरून चेहरे काढले, घडा आणि केळी मांडून स्थिरचित्रे केली, आणि आता जिवंत माणूस समोर ठेवून काढायचा आहे, अशा वाचकासाठी हे लिहिते आहे. गोव्यात राहत असाल तर लांब जावे लागणार नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, रायबंदर-चोडणची फेरीबोट, किनाऱ्यावरची रापण (दोरांनी काठावर ओढायचे मोठे मासेमारीचे जाळे), गावातली गणपतीची चित्रशाळा, जत्रेच्या मराठी नाटकाची तालीम: पेन्सिल घेऊन बसायला याहून चांगल्या जागा कोणत्या?

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आधी शरीररचना शिकायची आणि समाजाचा विचार चित्र पूर्ण झाल्यावर करायचा, अशी विभागणी फिगर स्टडीत चालत नाही. मासळीवालीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. ती रोज काय उचलते आणि कोणत्या हाताने, हे कळले नाही तर तो फरक डोळ्यांना दिसतच नाही. दिसला तरी चूक वाटून आपला हात तो सरळ करून टाकतो. कोण कोणते काम करतो, किती तास करतो, कुठे बसून करतो, त्यासाठी काय नेसतो, हे सगळे अंगावर उमटलेले असते. ते ठाऊक असणे हा रेखाटनाचाच भाग आहे.

आधीपासून डोळ्यात बसलेल्या आकृत्या

मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यात स्त्रीची एक आकृती आधीच असते. ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांवरून आलेली आहे. ती घडवणारे दोन मोठे चित्रकार मूळ गोव्याचेच: मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६). दोघांचा हात असा तयार होता की त्यांच्याकडून रेषा आणि रंग दोन्ही आजही शिकावेत. पण ती आकृती सौंदर्याच्या कल्पनेतून आलेली आहे. लांब मान, निमुळती बोटे, उतरते खांदे, उजळ कांती. नवशिका मासळीवाली काढायला बसतो आणि कागदावर नकळत हीच बाई उतरते, हातात फक्त मासा दिलेला.

दुसरी आकृती कलाशाळेतून आली. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झाले. तिथे विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून हात बसवत आणि मग जिवंत मॉडेलकडे वळत. सांग्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५) तिथेच शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलेही. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे. माणसाच्या अंगावर प्रकाश कसा बसतो हे पाहायला तो आवर्जून बघा. पण त्या शिस्तीची मूळ आकृती म्हणजे एका पायावर भार देऊन उभा राहिलेला पुरुष. उकिडवा बसलेला माणूस तिच्यात क्वचितच भेटतो, आणि आपल्याकडचे निम्मे काम उकिडवे बसून होते.

तिसरी आकृती परक्याच्या नजरेची. यान फान लिन्सखोतेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता. १५९६ साली त्याचे प्रवासवर्णन हॉलंडमध्ये छापले गेले, त्यात जुन्या गोव्यातल्या बाजाराची आणि पालख्यांची कोरीव चित्रे आहेत. ती कोरणाऱ्या कारागिरांनी गोवा पाहिलेला नव्हता, त्यामुळे अंगे युरोपीय वळणाची झाली. त्याच शतकात, १५४० च्या सुमारास, एका अनाम भारतीय चित्रकाराने केलेला रंगीत चित्रांचा संग्रह रोमच्या काझानातेन्से ग्रंथालयात आहे. चित्रांवर पोर्तुगीज मथळे आहेत. ठिकठिकाणच्या लोकांचे पोशाख आणि धंदे त्यात ओळीने मांडले आहेत. ही चित्रे मोलाची आहेत, पण त्यांतला माणूस त्याच्या जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून उभा आहे. आजच्या पर्यटनाच्या जाहिरातींतला माडावरचा रेंदेर (माडी काढणारा), सायकलवरचा पोदेर (पाववाला) आणि नाचणारी कुणबी बाई यांचे कूळ तेच.

म्हणून बाहेर पडण्याआधी एक अभ्यास करा. घरी बसून, काहीही न पाहता, पाच मिनिटांत एक मासळीवाली मनाने काढा. खाली तारीख घाला आणि कागद ठेवून द्या. महिनाभर प्रत्यक्ष पाहून काढल्यावर तो पुन्हा समोर घ्या. कोणती रेषा बघून आली आणि कोणती सवयीने, हे तुमचे तुम्हालाच कळेल. माझ्या मते सुरुवातीच्या काळातला हा सर्वांत उपयोगी कागद आहे.

साहित्य

फार लागत नाही. एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार पेन्सिली, दुकानात मिळेल त्या चांगल्या कंपनीच्या. शार्पनरपेक्षा ब्लेडने तासा आणि शिसे बोटाच्या पेरभर उघडे ठेवा, म्हणजे आडवे धरून रुंद छटा देता येते. ए४ मापाची जाड पुठ्ठ्याची वही रोजच्यासाठी आणि ए३ कार्ट्रिज कागद लांब बैठकीसाठी. मळून मऊ होणारा पुट्टी रबर घ्या. साधा खोडरबर कागदाचा पृष्ठभाग उचकटतो.

गोव्यात खरी अडचण दमटपणाची. जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो. अशा कागदावर कडक पेन्सिल दाबली की चर पडतो, आणि मऊ पेन्सिल नीट बसत नाही. पावसाळ्यात कागद झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका, आणि काम सुरू करायच्या वेळीच बाहेर काढा. पूर्ण झालेल्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर ६बीचे शिसे समोरच्या पानावर उतरते. बुरशीचे ठिपके पडू नयेत म्हणून वह्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.

जागा आणि वेळ

सुरुवात बाजारातून करू नका. पहिले काही दिवस फेरीबोटीत काढा. तिथे लोक रेलिंगला टेकून उभे असतात, स्कूटरवर बसलेले असतात, फार हलत नाहीत, आणि बोट पलीकडे लागली की चित्र आपोआप संपते. वेळेची ही मर्यादा हाताला शिस्त लावते.

मग नाटकाची तालीम. गोव्यात जत्रेला, काल्याला गावोगावी मराठी नाटके होतात आणि देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या अंगणात रात्री तालमी चालतात. दिग्दर्शक एकच प्रवेश पुन्हा पुन्हा करून घेतो, म्हणजे तीच हालचाल तुम्हाला अनेकदा दिसते. मंडळी ओळखीची असतात, आणि पाहिले जाण्याची त्यांना सवय असते.

पावसाळ्यात चित्रशाळा. गणपती घडवणारे कारागीर जमिनीवर बसून, एक गुडघा वर घेऊन, एका हाताने पाट फिरवत दुसऱ्याने माती लावतात. बसलेल्या माणसाची पाठ आणि हात यांचा अभ्यास करायला याहून चांगली बैठक नाही. मात्र चतुर्थीच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत जाऊ नका. त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

बाजाराला त्यानंतर या. म्हापशाला शुक्रवारी सकाळी गर्दी भरात असताना मध्ये बसणे म्हणजे विकणारीच्या पोटावर पाय देणे. गर्दी ओसरली की विक्रेत्या पाय मोकळे करतात, पेज-पाणी घेतात, एकमेकींशी बोलतात. तेव्हा बसा.

विचारणे

ही पायरी नवशिके टाळतात आणि लांबून, खांबाआडून काढतात. लांबून काढलेल्या चित्रात हात नसतात, पाय नसतात, हत्यार कळत नाही. न विचारता काढणे तर योग्यच नाही. आपल्या किनाऱ्यांवर रापण ओढणाऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरे येतात, त्याला ते कंटाळलेले आहेत. वही घेऊन येणारा वेगळा आहे हे त्यांना कळायला हवे, आणि ते बोलल्यानेच कळते.

कोकणीत विचारा. मराठी बऱ्याच जणांना समजते, पण बाजारात कोकणी जवळची. "मावशे, तुमी बसल्यात तशेंच तुमचें चित्र काडूं? फोटो न्हय, पेन्सिलीन." एवढे पुरते. म्हाताऱ्या गृहस्थाला काका किंवा बाबा म्हणा, ख्रिस्ती बाईंना आंटी चालते. समोरचा माणूस कर्नाटकातून आलेला असेल तर हिंदीत विचारा. "कित्याक?" (कशाला?) असा प्रश्न येणारच. खरे उत्तर द्या: शिकतो आहे, हात बसवायचा आहे, चित्र विकणार नाही. विकणार असाल तर तेही सांगा.

आधी काहीतरी विकत घेतले म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नका. बांगडे घेतले त्याचे पैसे बांगड्यांचे झाले. नकार मिळाला तर आभार मानून उठा, मनधरणी करू नका. गिऱ्हाईक आले की बाजूला सरका. अर्ध्या तासाहून जास्त बसवायचे असेल तर त्या वेळेचा मोबदला आधीच ठरवा. जितका वेळ ती तुमच्यासाठी स्थिर बसली तितका वेळ तिची मजुरी बुडाली, हा साधा हिशेब आहे.

चित्रकारासमोर बसणे हे आपल्या समाजात कधीच साधे नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका परक्या चित्रकारापुढे बसत नसत. बसल्या त्या बहुतेक कलावंत घराण्यांतल्या, ज्यांचे गाणे आणि रूप समाजाला हवे होते आणि ज्यांना मान द्यायला तोच समाज तयार नव्हता. पेडण्यातल्या मालपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४) या भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका. राजा रविवर्म्यांच्या चित्रांसाठी त्या बसल्या होत्या. जी देवीची चित्रे घराघरांत पुजली गेली, त्यांच्यामागे अशा बायकांचे चेहरे आणि अंगे होती. तुम्ही आज कोणाला "जरा बसता का" असे विचारता, तेव्हा या इतिहासाची जाणीव असू द्या. बसणाऱ्या व्यक्तीचे चित्रावर ऋण असते.

बांधकामावरच्या मजुरांबद्दल विशेष सांभाळा. ते बहुतेक परराज्यांतून आलेले असतात, आणि "भायले" (बाहेरचे) हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो. मुकादमाने हो म्हटले म्हणजे मजुराने म्हटले असे होत नाही. त्यालाही विचारा. लहान मुलांची चित्रे आई-बापासमोरच, त्यांना विचारून.

पहिली दोन मिनिटे

आता कागदावर या. पेन्सिल लिहिताना धरतो तशी धरू नका. तळहाताखाली आडवी धरा आणि खांद्यापासून हात फिरवा. पहिली रेषा डोक्याच्या माथ्यापासून भार जिथे टेकला आहे तिथपर्यंत. ती शरीराच्या कडेची नसते, वजनाच्या वाटेची असते. मग खांद्यांची तिरपी रेषा, मग कमरेची. या दोन तिरप्या रेषा बहुधा एकमेकींच्या उलट कललेल्या असतात. तीस सेकंदांची दहा, मग दोन मिनिटांची पाच, मग एक दहा मिनिटांचे, असा क्रम ठेवा. चेहरा काढायचाच नाही. नवशिका डोळ्यांपासून सुरू करतो आणि पाय कागदाबाहेर जातात.

वजन कुठे आहे

या पायरीवर थांबा, कारण बहुतेक चित्रे इथेच पडतात.

उभ्या माणसासाठी पेन्सिल ओळंब्यासारखी सरळ लटकवून धरा. गळ्याच्या खळगीतून खाली सोडलेली रेषा ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्याजवळ उतरते. भार दोन्ही पायांवर असेल तर दोहोंच्या मध्ये. ही रेषा पायांच्या बाहेर गेली तर चित्रातला माणूस पडतो.

आता रापण पाहा. दोर ओढणारे मागे रेललेले असतात, टाचा वाळूत रुतलेल्या, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेषा पायांच्या बरीच मागे जाते. तरी ते पडत नाहीत, कारण दोर त्यांना धरून आहे. म्हणजे इथे अंगाइतकाच दोर महत्त्वाचा. दोर सैल काढला तर सगळे पडणार. दोन बाजूंच्या दोन रांगांत तरणे, म्हातारे, बायका असे मिश्र लोक असतात आणि प्रत्येकाचे रेलणे वेगळे. म्हाताऱ्याचा गुडघा जास्त वाकतो, तरुण अंगाचे वजन मागे टाकून ओढतो. मासळीचा वाटा कसा होतो ते नंतर विचारा. जाळे कोणाचे, होडी कोणाची आणि हात कोणाचे, त्यावर वाटे ठरतात. हे कळल्यावर ती रांग तुम्हाला एकसारखी दिसणार नाही.

डोक्यावर पाटी घेतलेली बाई काढताना चुंबळीपासून सुरू करा. चुंबळ, कवटी, मान आणि कणा एका सरळ रेषेत येतात. डोके हलत नाही, झोका फक्त कमरेत असतो, आणि मोकळा हात अंगापासून दूर जातो. मान आखूड आणि जाड दिसते, कारण तिथले स्नायू ताणलेले असतात. लांब नाजूक मान काढलीत की पाटी रिकामी वाटू लागते.

आणि उकिडवे बसणे. टाचा पूर्ण जमिनीला टेकलेल्या, गुडघे काखेच्या उंचीला, कंबर दोन टाचांच्या मध्ये लोंबती, आणि धड थोडे पुढे, म्हणजे तोल पावलांवर राहतो. नवशिके कंबर उंच धरतात, त्यामुळे माणूस अदृश्य स्टुलावर बसल्यासारखा दिसतो. आधी पावले काढा, मग गुडघे, आणि मांडी व पोटरी यांच्यामधली चिंचोळी पोकळी नीट पाहा. ती पोकळी बरोबर आली की बसणे बरोबर येते. प्रमाण डोक्याच्या मापाने तपासा: उभा प्रौढ माणूस सात ते साडेसात डोकी, उकिडवा बसलेला साधारण साडेतीन ते चार. हा आकडा नियम म्हणून वापरू नका. हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या. आयुष्यभर ओझे वाहिलेल्या पाठीचा बाक पुस्तकातल्या प्रमाणात बसत नाही.

हात आणि हत्यार

हात वेगळा काढू नका, हत्यारासकट एकच आकार म्हणून काढा. आधी चार बोटांचा एक ठोकळा, मग अंगठा, मग हत्याराचा दांडा ठोकळ्यातून आरपार. विळीवर मासे कापणारी बाई पाट पायाने दाबून धरते. म्हणजे तो पायही कामाचाच अवयव, हातांइतक्याच काळजीने काढायचा. रेंदेर सूर (माडी) काढायला दिवसातून तीनदा माडावर चढतो. बुंध्याला पाडलेल्या खाचांत तो पावलाचा मधला भाग ठेवतो, आणि बोटे बाहेर वळतात. कोयती कमरेला मागे असते, कारण चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. त्याला चढताना काढणे नवशिक्याला झेपणार नाही. खाली उतरून बसलेला असताना त्याची पावले काढा. त्या पावलांत सगळा माड आहे. चढणारे आता कमी झाले आहेत आणि नवी पिढी या धंद्यात फारशी येत नाही. त्यामुळे तुमच्या वहीत बहुतेक पन्नाशीपुढची पावले येतील, आणि ती तशीच यायला हवीत.

कपडा

घडी सुरू होते ती ताणापासून. कापड कुठे धरले आहे ते शोधा: खांद्यावर, कमरेच्या खोचलेल्या भागी, गुडघ्यावर. त्या बिंदूपासून घड्या पंख्यासारख्या सुटतात. सगळ्या घड्या काढू नका, ताणाच्या तीन-चार पुरे.

गोव्यात कपड्याचा इतिहास जड आहे. १७३६ साली इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानाने इथल्या स्थानिक पोशाखावरही निर्बंध घातले होते. विसाव्या शतकात सांत इस्तेवचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी चित्रात येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली, तेव्हा गोव्यातल्या अनेकांना ते रुचले नाही. त्यांनी पुढचे बरेच आयुष्य पुण्यात काढले. त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहेत. ती पाहताना साडीचा पदर डोक्यावरून खांद्यावर कसा येतो तेवढेच पाहा, कारण आपल्या अंगणातल्या बायकांचे निरीक्षण तिथे स्वच्छ दिसते.

कुणबी कापड हे याचेच दुसरे उदाहरण. लाल चौकडीचे, गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत आखूड नेसलेले, पदराची गाठ खांद्यावर. ते आखूड आहे कारण चिखलात, शेतात, डोंगरावर काम करायचे आहे. गाठ खांद्यावर आहे कारण दोन्ही हात मोकळे हवेत आणि वाकल्यावर पदर पुढे येता कामा नये. रोज हे नेसणाऱ्या आता मुख्यतः वयस्क बायका. त्यांच्या लेकी-सुना नायटी किंवा पंजाबी ड्रेस घालून तेच काम करतात. रंगमंचावरच्या नाचातला कुणबी पोशाख पाहून शेतातली बाई काढू नका. नाचातले कापड इस्त्री केलेले आणि नवे असते, शेतातले धुऊन धुऊन विरलेले आणि अंगाला चिकटलेले. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. जमिनीचा आणि जंगलाचा हक्क हा त्यांचा आजचा प्रश्न आहे. ज्यांचे पोशाख पोस्टरवर झळकतात त्यांचे हे म्हणणे चित्र काढणाऱ्याला माहीत हवे. नायटीवर टॉवेल गुंडाळलेली बाई दिसली तर नायटी आणि टॉवेलच काढा.

छाया आणि वर्ण

दुपारचा गोव्याचा प्रकाश डोक्यावरून सरळ पडतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात, आकार चपटे होतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर बसा. एकाच बाजूचा प्रकाश पकडा आणि तीनच छटा ठेवा: कागदाचा पांढरा, २बीची मधली, ६बीची गडद.

सावळी त्वचा काढताना दोन उलट चुका होतात. एक म्हणजे सगळ्यांना गोरे ठेवणे, त्वचेला छटाच न देणे. दुसरी म्हणजे मजुराच्या अंगावर सरसकट काळे घासणे, जणू काळेपणा हाच त्याचा विषय. दोन्ही सवयी आपल्या घरांत रंगावरून जे बोलले जाते त्यातून येतात. आधी आकार वळतो तिथे छाया द्या, मग संपूर्ण त्वचेवर एक हलका, सलग थर. सावळ्या, घामेजल्या त्वचेवर उजेडाचा ठिपका लहान आणि तीक्ष्ण असतो: गालफडावर, खांद्याच्या हाडावर, नडगीवर. तेवढी जागा पुट्टी रबराने टिपून उचला.

कागदाच्या मागची नोंद

चित्र पूर्ण झाले की लगेच, तिथेच बसून, मागच्या बाजूला लिहा. तारीख, वेळ, जागा, प्रकाश कुठून. काम कोणते, हत्याराला ती व्यक्ती काय म्हणते, तिच्याच शब्दात. या स्थितीत ती दिवसातून किती वेळ असते. आधी घरात हे काम कोण करत होते. परवानगी कोणत्या अटीवर दिली. नाव त्यांनी लिहायला सांगितले तरच.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: कुठे दुखते? माणसे या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देतात. गुडघा, कंबर, मानेचा मणका, मनगट. मग आपल्या चित्राकडे पाहा. ज्या जागेवर त्यांनी हात ठेवला, ती जागा चित्रात नीट आली आहे का? बहुधा तीच जागा आपण सोपी करून टाकलेली असते. दुसरे चित्र तिथून सुरू करा.

दाखवणे आणि देणे

उठण्याआधी चित्र दाखवा. अपुरे असले तरी. बायका बहुतेक पहिल्यांदा हातातले हत्यार किंवा साडीची गाठ तपासतात, आणि "हें अशें न्हय" म्हणून सांगतात. हे सांगणे शिक्षकाच्या दुरुस्तीइतकेच घ्या, कारण त्या कामाच्या जाणत्या त्याच. पुढच्या बाजारी त्या चित्राची चांगली झेरॉक्स किंवा प्रिंट नेऊन द्या. मूळ चित्र मागितले तर देऊन टाका, नवशिक्याच्या हातून अजून पुष्कळ व्हायची आहेत.

मोबाइलवर टाकणार असाल तर ते वेगळे विचारा. कागदावर काढायला हो म्हणणे आणि सगळ्या गावाने पाहायला हो म्हणणे या दोन परवानग्या आहेत. चेहरा ओळखू येत असेल आणि विचारायचे राहिले असेल, तर चित्र वहीतच ठेवा. पुढच्या शुक्रवारी जाऊन विचारता येते.